विंटरफेल पडायला हवं होतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: गेम ऑफ थ्रोन्सचा आठवा सीझन परत बघितला, ड्रॅगनवाली डेनेरिस राजधानीचं शहर जाळते ते परत पटलं नाही, तर अख्ख्या मालिकेत एकच निकाल बदलायची मुभा मिळाली तर तिचं ते वेडं होणं बदलावं का? आणि जाता जाता तुम्ही असंही लिहिलंय की तुम्ही स्वतः पाच भागांची फँटसी लिहिताय, तिसऱ्या भागाच्या शेवटी किल्ल्याला वेढा पडतो, नायिकेची बाजू जिंकते, आणि चौथा भाग लिहायला घेतला की गाडी हलतच नाही. मला हे दोन वेगळे प्रश्न वाटत नाहीत, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे. ज्यांनी मालिका बघितली नाही त्यांनी इथेच थांबा, पुढे सगळं फोडलेलं आहे.

मी मालिका लिहिते. आधी डायलॉग, मग स्क्रीनप्ले, आता बरीच वर्षं स्टोरी. डेली सोपमध्ये फँटसी फार येत नाही पण ऑडिओ सिरीजसाठी राजे-राण्या-शाप-तलवारी असलं भरपूर लिहून झालंय. त्यामुळे मी हे फॅन म्हणून कमी आणि वनलाइन दुरुस्त करणारी बाई म्हणून जास्त बघते. वनलाइन म्हणजे पुढच्या काही भागांत काय काय घडणार त्याची साधी यादी, त्यात डायलॉग नसतात, भावना नसतात, फक्त कोण काय करतं आणि त्याने काय होतं एवढंच असतं. गोष्टीचा आजार तिथे लगेच दिसतो, शूट झालेल्या भागात तो म्युझिकखाली लपतो.

आता डेनेरिस. लोक म्हणतात एकदम वेडी झाली, मला ते तितकंसं मान्य नाही. मिरीनमध्ये तिने मालकांना खांबांवर ठोकलं होतं, सातव्या सीझनमध्ये टार्ली बापलेकांना ड्रॅगनकडून जाळलं होतं, म्हणजे आग हा तिचा पहिला पर्याय असतो हे मालिकेने आधीपासून सांगून ठेवलेलं आहे. गडबड वेगळीच आहे. आठव्या सीझनच्या पाचव्या भागात घंटा वाजतात, शहर शरण आलेलं असतं, लढाई संपलेली असते, आणि *मग* ती जाळायला लागते. म्हणजे जे काम जाळण्याने होणार होतं ते न जाळता होऊन गेलंय. मग प्रेक्षकाकडे 'वेड' सोडून दुसरं कारणच उरत नाही, आणि वेड हे कारण म्हणून फार स्वस्त आहे, ते कुठल्याही कॅरेक्टरला कधीही लावता येतं. तेव्हा तिचं जाळणं काढून टाकलं तर प्रॉब्लेम सुटतो का? नाही सुटत. ती जाळत नाही, गादीवरची राणी सर्सी हरते, डेनेरिस गादीवर बसते, जॉनचं जन्मरहस्य (गादीचा खरा वारस तोच) तसंच लोंबकळत राहतं आणि शेवटचा भाग लिहायला हातात काहीच नाही. तुमच्या चौथ्या भागासारखीच गत.

मी बदलेन तो निकाल दोन भाग आधीचा आहे. तिसरा भाग, उत्तरेतल्या विंटरफेल किल्ल्यावरची लढाई, २८ एप्रिल २०१९. आपल्याकडे सोमवारी सकाळी साडेसहाला हॉटस्टारवर लागायचा आणि लोक ऑफिसला उशिरा जायचे तो. ८२ मिनिटांचा भाग, ५५ रात्री बाहेर थंडीत शूट केलेला, टीव्हीच्या इतिहासातल्या मोठ्यातल्या मोठ्या लढायांपैकी एक. शेवटी आर्या उडी मारते, मुडद्यांचा सेनापती नाइट किंग तिचा गळा पकडतो, ती खंजीर एका हातातून सोडून दुसऱ्या हातात झेलते, खुपसते, तो फुटतो आणि त्याच्याबरोबर मुडद्यांची सगळी फौज एका क्षणात कोसळते. बघताना मीसुद्धा टाळी वाजवलेली आहे, खोटं कशाला बोलू. पण त्या रात्री जिवंत माणसं हरायला हवी होती.

का, ते सांगते. मोठ्या निकालाची एक टेस्ट मी नेहमी लावते, आमच्या मीटिंगमध्ये तिला सगळे 'सकाळ' म्हणतात. लढाई, लग्न, कोर्टाचा निकाल, काहीही असो, ते झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक मुख्य कॅरेक्टर काय करायला निघतं ते एकेका ओळीत लिहायचं. मग शेजारी तेच कॅरेक्टर आदल्या दिवशी काय करायला निघालं होतं ते लिहायचं. दोन्ही ओळी सारख्या आल्या तर तो निकाल लागलेलाच नाही, नुसता आवाज झालाय.

पहिल्या सीझनचा नववा भाग घ्या, विंटरफेलच्या नेड स्टार्कचं डोकं उडवतात तो. त्याच्या मुलांची दुसऱ्या दिवशीची सकाळ बघा. रॉब बापाला सोडवायला निघाला होता, आता उत्तरेचा राजा म्हणून बंड करतोय. सान्सा राणी व्हायला निघाली होती, आता ओलीस आहे. आर्या केस कापून मुलगा बनून उत्तरेकडे पळतेय. जॉन उत्तर सीमेवरच्या भिंतीच्या पहाऱ्याची शपथ मोडून रॉबकडे जायला निघतो आणि मित्र त्याला अर्ध्या रस्त्यातून परत आणतात. तहाने मिटलं असतं ते युद्ध आता मिटत नाही, ही डोकेदुखी लॅनिस्टरांच्या, म्हणजे सर्सीच्या घराण्याच्या, गळ्यात. एका माणसाची मान आणि सगळ्यांच्या ओळी बदलल्या. पुढचे दोन सीझन त्या एका निकालावर चाललेत असं म्हटलं तरी चालेल.

आता विंटरफेलच्या लढाईनंतरची सकाळ. डेनेरिस: काल गादी घ्यायची होती, आज गादी घ्यायची आहे. सर्सी: काल राजधानीत बसून होती, आजही बसून आहे. सान्सा: काल उत्तर स्वतंत्र हवी होती, आजही तेच. जॉनला स्वतःचा जन्म लढाईच्या आधीच कळलाय, डेनेरिसलाही त्याने आधीच सांगितलंय, त्यात फरक शून्य. आर्या जगातल्या सगळ्यात मोठ्या शत्रूला मारून यादीतल्या सर्सीकडे निघाली, म्हणजे जिथे निघायची होती तिथेच. चौथ्या भागात चिता पेटतात, मेजवानी होते, मग नकाशाभोवती उभं राहून सांगतात की निम्मी फौज गेली, आणि निम्म्या फौजेने तोच जुना प्लॅन पुढे सुरू. (त्यात डेनेरिसचे डोथराकी घोडेस्वार आदल्या भागात जवळजवळ सगळे संपलेले दिसले होते, शेवटच्या भागात भरपूर उभे आहेत. असो.)

आणि हा साधासुधा ट्रॅक नव्हता. २०११ मधल्या पहिल्या भागाचा अगदी पहिला सीन भिंतीपलीकडच्या या संकटाचा आहे, राजे-राण्या नंतर येतात. म्हणजे प्रेक्षकाला दिलेलं पहिलं वचन हे होतं की तुम्ही खुर्चीसाठी भांडा, पलीकडून जे येतंय त्याला तुमच्या खुर्चीशी देणंघेणं नाही. ७३ भागांच्या मालिकेतलं हे वचन एका रात्रीत, एका किल्ल्यात, तेही फक्त चांगल्या लोकांच्या खर्चाने मिटलं. ज्या सर्सीने सातव्या सीझनच्या शेवटी फौज पाठवते म्हणून सगळ्यांच्या तोंडावर थाप मारली तिला त्या थापेचा दमडीचाही तोटा झाला नाही, उलट फायदाच झाला. मला सगळ्यात जास्त हे खुपतं. खोटं बोलणाऱ्याला शिक्षा व्हावी असं माझं म्हणणं नाही, या मालिकेत ती कित्येकांना होत नाही. पण मुडदे आणि सर्सी एकमेकांसमोर आलेच नाहीत! साखळीने बांधलेला एक मुडदा तिच्यावर धावून गेला, बस्स, तेवढीच भेट.

ठीक आहे, मग बदलायचं नेमकं काय. माझा नियम असा की निकाल बदलायचा पण सीन शक्य तितके तेच ठेवायचे. कारण आमच्या धंद्यात तुम्हाला कोरा कागद कधीच मिळत नाही, सेट उभा असतो, कलाकारांच्या तारखा घेतलेल्या असतात, प्रोमो गेलेला असतो. एक उदाहरण देते. एका मालिकेत हिरोईनचा वाडा लिलावात निघतो आणि ती आयत्या वेळी पैसे घेऊन पोचते असं वनलाइनमध्ये होतं. ते वाचून मला पुढच्या आठवड्याचं काहीच दिसेना. वाडा जाऊ द्या म्हटलं, तर प्रॉडक्शनवाल्यांच्या कपाळाला आठ्या, कारण तोच आमचा मेन सेट. मग असं केलं की वाडा व्हिलन घेतो आणि यांनाच भाड्याने ठेवतो. सेट तोच, माणसं तीच, तुळशीवृंदावन तेच, पण आता दर एक तारखेला व्हिलन अंगणात येऊन खुर्ची टाकून बसतो आणि सासू त्याला चहा नेऊन देते. त्या एका चहावर पुढचा किती ट्रॅक निघाला ते विचारू नका.

विंटरफेललाही तेच लावा. मांत्रिकीण मेलिसांद्रे डोथराक्यांच्या तलवारी पेटवते आणि लांबून दिव्यांची ती रांग एकेक करत विझत जाते, हा सीन जसाच्या तसा ठेवा, त्याच्यासारखा दुसरा नाही. खंदक, तळघरातली उठलेली प्रेतं, राक्षसाला मारून मेलेली चिमुरडी लियाना मॉरमॉन्ट, सगळं राहू दे. नाइट किंग ज्याच्या मागावर आहे त्या ब्रॅनसमोर, म्हणजे आर्याच्या पांगळ्या भावासमोर, थिऑन शेवटचा उभा राहतो आणि भाला घेऊन नाइट किंगच्या अंगावर धावतो, तेही राहू दे. बदल इथून पुढे. मालिकेत थिऑनच्या मरण्याने नाइट किंगला फक्त काही पावलं जास्त चालावं लागतं. माझ्या व्हर्जनमध्ये त्या वेळात आर्या ब्रॅनला घोड्यावर घालून बाहेर काढते. आर्याला वर्षानुवर्षं मारायला शिकवलंय आणि आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या रात्री तिला कोणाला तरी वाचवून पळावं लागतं, एवढ्यानेच तिचा ग्राफ कुठल्या कुठे जातो. आणि पांगळा ब्रॅन घोड्यावर बसणार कसा असं कोणी विचारलं तर पहिल्या सीझनमध्ये टिरियनने त्याच्यासाठी खास खोगिराचा आराखडा काढून दिला होता, आठवतंय का? ते खोगीर इतकी वर्षं कोणाला आठवलं नाही, इथे काढा.

म्हणजे किल्ला पडला, बरेच जण गेले, उरलेले दक्षिणेकडे निघाले आणि ब्रॅन जिवंत आहे. आणि हा ब्रॅन जिवंत असणं फार महत्त्वाचं, कारण त्याच्या हातावर नाइट किंगच्या बोटांची खूण आहे, तो कुठेही गेला तरी नाइट किंगला कळतं, हे दुसऱ्या भागात ब्रॅन स्वतःच सांगतो. मग आता त्याला न्यायचं कुठे? जिथे न्याल तिथे मुडदे मागोमाग. त्याला जंगलात एकटा सोडावा का, असं कोणीतरी बोलून दाखवणार, बहुतेक सान्सा, आणि ती त्याची सख्खी बहीण आहे. हा सीन मालिकेत नाही आणि तो मला बघायचा होता.

चौथा भाग या पळण्याचा. उत्तरेने दक्षिणेपुढे मान झुकवायची नाही म्हणणारी सान्सा आता हजारो माणसं घेऊन दक्षिणेच्या वेशीवर निर्वासित म्हणून उभी. रस्त्यात जो मरेल तो रात्री उठणार, म्हणजे म्हातारी-कोतारी माणसं हळू चालायला लागली की बाकीचे त्यांच्याकडे कसे बघतील याचा विचार करा. तिकडे सर्सीचे दरवाजे बंद, आत पैसे मोजून आणलेली गोल्डन कंपनी. दरवाजाशी जेमी, सर्सीचा जुळा भाऊ आणि प्रियकर. मालिकेत तो सगळी सुधारणा गुंडाळून सर्सीकडे परत जातो आणि लोक चिडले, इथेही तो सर्सीकडेच जातोय, फक्त दरवाजा उघड म्हणून सांगायला. युरॉनने सातव्या सीझनमध्ये नाटक केलं होतं की मुडद्यांना पोहता येत नाही ना, मग मी आपला माझ्या बेटांवर जातो. ते इथे खरंच करू द्या. तो जहाजं घेऊन पसार झाला की राजधानीच्या, किंग्ज लँडिंगच्या लोकांना नदीच्या बाजूने सुटायचा मार्ग बंद.

आणि आता पाचवा भाग. सातव्या सीझनमधल्या त्या मोठ्या बैठकीत जॉन सर्सीला सांगतो की या शहरात दहा लाख माणसं राहतात, ती लवकरच मुडद्यांच्या फौजेतले दहा लाख सैनिक होतील. एवढं भयंकर वाक्य पेरलं आणि उगवलं काहीच नाही! ते इथे उगवतं. उत्तरेच्या दरवाजातून मुडदे शिरले, गल्ल्यांतून लोक नदीकडे पळतायत, मेलेला प्रत्येक जण थोड्या वेळाने उलट दिशेने चालायला लागतोय. मुडदे कशाने मरतात? आगीने. शहराच्या पोटात काय आहे? वेड्या राजाने, म्हणजे डेनेरिसच्या बापाने, पुरून ठेवलेलं वाइल्डफायर, भडकून पेटणारा हिरवा द्रव. सर्सीने सेप्ट, म्हणजे मोठं देऊळ, उडवलं तो त्यातलाच एक साठा, बाकीचे तसेच आहेत. आणि तिचा ड्रॅगन ड्रोगॉन वर घिरट्या घालतोय.

आता घंटा वाजवा. मालिकेत घंटांचा अर्थ शरण आलो. इथे नदीकाठच्या देवळातून कोणीतरी घंटा वाजवतंय, म्हणजे आम्ही इथे अजून जिवंत आहोत. डेनेरिसला ती ऐकू येतेय. तिला माहीत आहे की थांबली तर तासाभरात ती घंटा वाजवणाराही पलीकडच्या फौजेत जाणार आणि जाळलं तर तिच्या हाताने मरणार. डेनेरिस झालेल्या एमिलिया क्लार्कचा तोच क्लोजअप वापरा, एकही फ्रेम नवीन शूट करायला नको. ती जाळते. तेच शहर, तीच राख, तीच आगीतून पळणारी आई आणि मुलगी, फक्त आता तुम्ही सोफ्यावर बसून 'काय येडी आहे' म्हणू शकत नाही, कारण तिच्या जागी तुम्ही काय केलं असतं ते तुम्हाला सांगता येत नाही.

आणि जेमी! या माणसाने आयुष्यभर 'राजाला पाठीत मारणारा' ही शिवी खाल्ली, कारण राजा हेच शहर याच वाइल्डफायरने जाळणार होता आणि ते त्याने हमामखान्यात ब्रिएनला सोडून कोणालाच सांगितलं नाही. आता त्याच राजाची मुलगी तेच करतेय, आणि या वेळी ते बहुधा बरोबर आहे. साठे कुठे आहेत हे त्याला माहीत आहे. सांगायचं की नाही? विटांच्या ढिगाऱ्याखाली मरण्यापेक्षा त्या माणसाला हा प्रश्न जास्त शोभला असता.

आर्याची उडी मी विसरलेले नाही, आर्याचे फॅन्स शिव्या घालतील. ती उडी इथे आणा. राजवाड्यात एका बाजूला सर्सी, यादीतलं पहिलं नाव, हाताच्या अंतरावर. दुसऱ्या बाजूला ब्रॅनकडे निघालेला नाइट किंग. खंजीर एक. मालिकेत हाउंड तिला सांगतो की सूड सोड आणि परत जा, आणि ती ऐकते, चांगला सीन आहे पण फार स्वस्तात मिळतो. इथे सूड सोडल्याची किंमत दिसते.

मग सहाव्या भागात जॉन डेनेरिसला मारतो तेव्हा तो एका वेड्या बाईला मारत नाही. जिने जग वाचवलं आणि जी आता म्हणतेय की हे पुन्हा करावं लागलं तर करेन, तिला मारतोय. ते बरोबर की चूक यावर तुमच्या घरी जेवताना भांडणं व्हायला हवी होती. खरंच झाली ती भांडणं सीझन परत शूट करा या मागणीवर, दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या.

थोडक्यात जमवून बघा: जाळणं तेच, जॉनचा सुरा तोच, ब्रॅनला राजा करायचंच असेल तर तोही जिवंत आहे, सान्सा शेवटी उत्तर मागते तेव्हा तिच्या मागण्याला आता पडलेल्या किल्ल्याचं वजन आहे. भागसुद्धा तेवढेच, सहा. शेवटाला हात लावलाच नाही, फक्त एका रात्रीचा निकाल उलटा केला आणि पुढच्या गोष्टींना कारणं मिळाली.

आता यात परिस्थितीवर अवलंबून असलेलं बरंच आहे, तेही सांगायला हवं, नाहीतर घरी बसून दुसऱ्यांच्या मालिका दुरुस्त करणं सोपंच असतं. एक तर पैसा. मुडदे राजधानीत आणायचे म्हणजे इफेक्ट्सचा खर्च दोनदा, आणि तिसऱ्या भागाच्या लढाईनेच सगळ्यांचा जीव काढला होता. त्या टेबलवर बसलेल्यांनी हा विचार केलाच नसेल असं मी अजिबात म्हणणार नाही. दुसरं, पुस्तकं. जॉर्ज मार्टिन यांच्या कादंबऱ्यांत मालिकेतल्यासारखा हा नाइट किंग सेनापती आतापर्यंत आलेलाच नाही, पाचवा खंड २०११ मध्ये आला आणि त्यानंतर मालिकेला पुढचा रस्ता स्वतःच करावा लागला. एका माणसाला मारलं की सगळी फौज पडते ही सोय टीव्हीची, आणि ती घेतली की लढाई एका खंजिरावर येते हेही ओघाने आलंच.

तिसरा मुद्दा जास्त गंभीर आहे आणि तुम्हीच कदाचित तो काढाल: आधी राक्षस संपवून मग माणसांचं राजकारण शेवटी ठेवायला काय हरकत आहे, खरा राक्षस माणूसच, वगैरे. हरकत काही नाही. टॉल्किनने ते केलंय. लॉर्ड ऑफ द रिंग्जमध्ये अंगठी नष्ट झाल्यावर हॉबिट घरी येतात तर गावाची वाट लावलेली, आणि तो छोटा दुष्टपणा त्यांना स्वतः निस्तरावा लागतो. पण तिथे सकाळची टेस्ट लावा. गावातून निघालेले घाबरट पोरगे परत येतात ते हुकूम देणारे होऊन, आणि फ्रोडोची जखम बरी होतच नाही, त्याला स्वतःच्या घरात राहता येत नाही. मोठा विजय झालाय आणि प्रत्येकाची ओळ बदललीय. शिवाय तो विजयही सरळ नाही, ऐनवेळी फ्रोडो अंगठी टाकायला नकार देतो, हरतोच तो, आणि गॉलम बोट चावून अंगठी घेतो म्हणून ती आगीत पडते. फ्रोडोने शहाण्यासारखी टाकली असती तर निकाल तोच आला असता आणि गोष्ट निम्मी झाली असती. तेव्हा हरायलाच हवं असा माझा हट्ट नाही. जिंका, पण जिंकण्याने काहीतरी मोडलं पाहिजे.

तर आता तुमचा किल्ला. मी तुमचं लिखाण वाचलेलं नाही, त्यामुळे हे बेताने घ्या. तुम्ही लिहिलंय की तिसऱ्या भागात वेढा फुटतो, शत्रू मागे हटतो आणि नायिका बुरुजावर उभी राहते, चौथ्या भागाच्या सुरुवातीला ती राजधानीकडे निघते. वेढ्याच्या आधी ती कुठे निघाली होती? राजधानीकडेच असेल तर तुमचा चौथा भाग का हलत नाही ते तुम्हाला आत्ताच कळलं असेल.

किल्ला जाऊ दिला तर वाचक निराश होतील ही भीती बहुतेक नव्या लेखकांना असते, आणि मराठी वाचकाच्या बाबतीत तर मला ती समजतच नाही. जुलै १६६० मध्ये महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाला गेले, बाजीप्रभूंनी खिंड अडवून धरली, पुढे पन्हाळा आदिलशाहीला द्यावा लागला. त्या हिशोबाने ती माघार आहे. पण शाळेत ती गोष्ट ऐकताना कोणा पोराने विचारलंय का की अरे पण किल्ला गेला ना? कोण सुटलं, कोणी अडवून धरलं आणि तोफांचा आवाज कधी आला, एवढंच आपल्याला आठवतं.

तुमच्या बाबतीत मी आधी हे बघेन की किल्ला पडला तर नायिकेबरोबर बाहेर काय जातं. माणूस, मूल, नकाशा, शत्रूला हवी असलेली कुठलीतरी वस्तू, काहीतरी हवंच, म्हणजे शत्रूला पाठलागाचं कारण राहतं आणि तुम्हाला चौथ्या भागाचा रस्ता मिळतो. ते नसेल तर आधीच्या दोन भागांत शोधा, नवीन घुसडू नका, टिरियनच्या खोगिरासारखं काहीतरी तुम्हीही लिहून विसरला असाल. दुसरं, किल्ल्यात मागे कोण राहतं. ज्याच्या राहण्याने सगळ्यात जास्त अडचण होईल तो राहू दे, ज्याला मारायचंच होतं तो नको. आणि तिसरं, तुमच्या गोष्टीत मदत पाठवतो म्हणून न पाठवणारा कोणीतरी असणारच, वेढ्याच्या गोष्टीत असतोच. नायिकेचा पहिला मुक्काम त्याच्या दारात टाका.

हे करताना पहिले तीन भाग छापून झाले असतील तर गोष्ट वेगळी, मग निकाल बदलता येणार नाही, फक्त त्याची किंमत चौथ्या भागात उशिरा उघड करता येईल, म्हणजे जिंकलेल्या किल्ल्यात काहीतरी नासलेलं निघेल. ते जमतं पण ठिगळ दिसतं. अजून छापले नसतील तर तिसऱ्या भागाच्या शेवटच्या प्रकरणापासून सगळ्यांच्या दोन-दोन ओळी लिहून इथेच टाका, कालची आणि सकाळची. अख्खं प्रकरण टाकू नका, ते वाचायला लागले की मी डायलॉग दुरुस्त करत बसेन.